हिमाचा ताळेबंद

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. जानेवारीचा शेवटचा आठवडा आहे. इचलकरंजीत सुताचा व्यापार करणारे एक कुटुंब काश्मीरमधील गुलमर्ग येथे चार दिवसांच्या मुक्कामास आले आहे. आजोबा, मुलगा, सून आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारा नातू. नातवाने मागील हिवाळ्यात स्कीइंगचा प्राथमिक अभ्यासक्रम पुरा केलेला आहे. पहिले तीन दिवस खिडकीबाहेर अखंड हिमवृष्टी चालू राहते. शिखराकडे जाणारी गोंडोला बंद असते. चौथ्या दिवशी पहाटे आकाश निरभ्र होते, देवदारांच्या फांद्या हिमाने वाकलेल्या दिसतात आणि अंगणात गुडघाभर नवे हिम साचलेले असते. परतीचे विमान दुसऱ्याच दिवशी आहे. हॉटेलात ओळख झालेली तीन मुले गोंडोलाने वर जाऊन, दोरीने आखलेल्या हद्दीपलीकडच्या अस्पर्श उतारावरून खाली येण्याचा बेत करीत आहेत. नातवाला त्यांच्याबरोबर जायचे आहे.

"आण्णा, मोबाइलवर बघा तरी. दिवसभर ऊन दाखवतोय. वारासुद्धा नाही. मग अडचण कसली?"

आण्णांना हिमातले काही कळत नाही. परंतु पन्नास वर्षे पेठेत काढलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. समोर ठेवलेल्या कागदापेक्षा जो कागद समोर ठेवला गेला नाही, तो पुष्कळदा अधिक महत्त्वाचा असतो. ते शांतपणे विचारतात, "बाळ, हा अंदाज आभाळाचा आहे की डोंगराचा?"

प्रश्न साधा आहे. पण हिमप्रदेशातील हवामानाचा अंदाज कसा वाचावा, याचे सारे मर्म त्यात सामावलेले आहे. हिवाळ्याच्या सुटीत सहकुटुंब काश्मीर किंवा हिमाचलला जाण्याची प्रथा आता आपल्या समाजात चांगलीच रुळली आहे. तिकिटे, खोल्या, चौविहारापूर्वीच्या भोजनाची सोय, सोबतचे खाकरे आणि दशम्या यांचा विचार महिनाभर आधी होतो. ज्या हिमासाठी एवढा खटाटोप, त्याच्या स्थितीचा विचार मात्र मोबाइलवरील एका चित्रावर सोपवला जातो.

गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात, श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, पीर पंजाल पर्वतरांगेच्या कुशीत वसले आहे. त्याची उंची सुमारे २,६५० मीटर आहे. येथे स्की क्लबची स्थापना १९२७ मध्ये, इंग्रजी अमदानीत झाली. आज येथील मुख्य आकर्षण आहे ती गोंडोला, म्हणजे तारेवरून चालणारी बंद डब्यांची पाळणागाडी. तिचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो प्रवाशाला सुमारे ३,१०० मीटर उंचीवरील कोंगडोरीपर्यंत नेतो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या खांद्यावर, जवळजवळ ४,००० मीटरांच्या उंचीवर नेऊन सोडतो. गावापासून वरच्या स्थानकापर्यंतचा हा चढ सुमारे १,३०० मीटरांचा आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून जेवढे उंच आहे, जवळजवळ तेवढाच. म्हणजे गुलमर्गच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक महाबळेश्वर उभे असते, आणि तेथील हवा बाजारातील हवेहून सर्वस्वी निराळी असते.

येथील हिम येते ते पश्चिमी विक्षोभांमुळे. भूमध्य समुद्राच्या परिसरात निर्माण होणाऱ्या या प्रणाली उंचावरील वेगवान पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून पूर्वेकडे सरकतात आणि हिमालयाच्या पश्चिम रांगांना येऊन भिडतात. डोंगर चढताना हवा थंड होते आणि तिच्यातील बाष्प हिमरूपाने खाली येते. विक्षोभ पुढे सरकल्यावर उत्तरेकडील थंड वारे मोकळे होतात. नाशिक-निफाडच्या द्राक्षबागायतदारांना ज्या थंडीची धास्ती वाटते, तिचे मूळ अनेकदा याच घडामोडीत असते. काश्मिरी माणूस हिवाळ्याचे तीन भाग करतो. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस चिल्लई कलान, पुढील वीस दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे दहा दिवस चिल्लई बच्चा. पहिल्या चाळीस दिवसांतील हिम कडक थंडीमुळे टिकते आणि उन्हाळ्यापर्यंत झरे-नद्यांना पाणी पुरवते, म्हणून त्याचे मोल अधिक. चिल्लई बच्चाचे हिम लवकर वितळते. तिकडच्या शेतकऱ्यालाही केवळ 'हिम पडले' एवढे पुरत नाही. ते केव्हा पडले, हे तो विचारतो.

कोणत्याही वस्तूविषयी विधान करावयाचे तर द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार अपेक्षा ध्यानात घ्याव्यात, असे जैन दर्शन सांगते. एखादी गोष्ट 'आहे' असे म्हणताना ती कोणत्या द्रव्याच्या, कोणत्या स्थळाच्या, कोणत्या काळाच्या आणि कोणत्या अवस्थेच्या अपेक्षेने आहे, हे सांगितल्याखेरीज विधान पूर्ण होत नाही. प्रवचनात ऐकलेली ही शिकवण हिमाचा अंदाज वाचताना विलक्षण उपयोगी पडते.

प्रथम द्रव्य घ्यावे. आकाशातून नेमके काय पडणार आहे? हवामानाचे अनेक अंदाज वर्षाव मिलिमीटरमध्ये सांगतात. ते मोजमाप पाण्याचे असते, हिमाचे नव्हे. ढोबळ नियम असा की १ मिलिमीटर पाण्यापासून सुमारे १ सेंटिमीटर हिम होते. २० मिलिमीटरांचा अंदाज म्हणजे साधारण २० सेंटिमीटर हिम. परंतु हे गुणोत्तर स्थिर नाही. हवा पुष्कळ थंड असेल तर हिम कापसासारखे हलके पडते आणि तेवढ्याच पाण्यात ३० सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक थर जमतो. तापमान शून्याच्या आसपास असेल तर हिम ओले आणि जड होते. थर दहा-बारा सेंटिमीटरांचाच भरतो, पण त्याचे वजन तेवढेच राहते. सुताची गाठ मोजताना व्यापारी केवळ आकार पाहत नाही. वजन पाहतो आणि त्यात ओल किती, हेही पाहतो. हिमाचेही तसेच आहे. हलके, कोरडे हिम स्कीपटूला प्रिय असते. त्याला ते पावडर म्हणतात. ओले हिम पाय अडकवते, आणि रात्री गोठले की सकाळी त्याचा काचेसारखा कडक पापुद्रा होतो.

दुसरे क्षेत्र. मोबाइलवर 'गुलमर्ग' लिहिल्यावर जे तापमान दिसते ते कोणत्या उंचीचे, हे प्रथम पाहावे. पुष्कळदा ते गावाचे किंवा आसपासच्या मोठ्या चौकोनी पट्ट्याच्या सरासरी उंचीचे असते. उंची वाढते तसे तापमान सरासरीने दर १,००० मीटरांमागे साडेसहा अंशांनी उतरते. गावात उणे दोन अंश असतील तर वरच्या स्थानकावर उणे दहाच्या आसपास असू शकतात. त्यात वारा मिसळला की अंगाला जाणवणारी थंडी आणखी कितीतरी वाढते. उलटपक्षी, शून्य अंशाची रेषा किती मीटरांवर आहे, हेही महत्त्वाचे असते. पडणारे हिम त्या रेषेखाली काहीशे मीटरपर्यंत न वितळता येऊ शकते. त्याखाली त्याचा पाऊस होतो. त्यामुळे टंगमर्गला पाऊस, गुलमर्गला ओले हिम आणि अफरवटवर कोरडी पावडर, अशी तीन दृश्ये एकाच तासात दिसू शकतात. तिन्ही खरी, ज्याच्या त्याच्या उंचीच्या अपेक्षेने.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या भाषेचाही येथेच विचार करावा. 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी' आणि 'बहुतेक ठिकाणी' हे शब्द प्रदेशातील किती केंद्रांवर वर्षाव होईल, हे सांगतात. अनुक्रमे एक चतुर्थांशापर्यंत, अर्ध्यापर्यंत, तीन चतुर्थांशांपर्यंत आणि त्याहून अधिक, असा त्यांचा अर्थ आहे. वर्षाव किती जोराचा, याचा त्या शब्दांशी संबंध नाही. 'तुरळक ठिकाणी जोरदार हिमवृष्टी' याचा अर्थ थोडे हिम असा नव्हे. थोड्या ठिकाणी, पण पुष्कळ हिम, असा तो अर्थ आहे. आणि त्या थोड्या ठिकाणांत आपला मुक्काम असू शकतो.

तिसरा काल. अंदाजाला मुदत असते, जशी हुंडीला असते. पुढील एक ते तीन दिवसांचा अंदाज बराच भरवशाचा असतो. पाच ते सात दिवसांपुढचा अंदाज विक्षोभ येण्याची शक्यता सांगतो. किती सेंटिमीटर, हे तेव्हा निश्चितपणे सांगता येत नाही. दहा दिवसांपलीकडे अमुक तारखेला अमुक हिम, असे कोणी सांगत असेल तर ते केवळ गणकयंत्राने भरलेले रकाने समजावेत. तरीही मुक्कामाचे आरक्षण दोन-तीन महिने आधी करावे लागते, आणि तेथेच मन फसते. पैसे दिले म्हणजे हिम मिळणारच, असे वाटू लागते. जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लई कलानमध्ये गुलमर्गची कुरणे तपकिरी दिसत होती. अनेक पर्यटक निराश होऊन परतले. पुरेसे हिम महिन्याच्या अखेरीस आले. २०२५ मध्ये गुलमर्ग येथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २२ फेब्रुवारीस सुरू व्हावयाच्या होत्या. पुरेशा हिमाअभावी त्या पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पार पडल्या. राष्ट्रीय स्पर्धेच्या आयोजकांनाही हिमाची तारीख ठरवता आली नाही, तेथे एका कुटुंबाच्या आरक्षणाची काय कथा! म्हणून आरक्षण करताना परतीच्या आधी एखादा मोकळा दिवस हाताशी ठेवावा आणि रद्द करण्याच्या अटी नीट वाचाव्यात. प्रवासाच्या आठवड्यात अंदाज रोज पाहावा. अंदाज बदलला म्हणजे खोटा ठरला असे नव्हे. नवी माहिती आली म्हणून तो सुधारला गेला.

चौथा भाव, म्हणजे अवस्था. अंदाज आणि हिमस्थितीचा अहवाल यांतील मुख्य फरक येथे कळतो. अंदाज उद्याविषयी बोलतो. हिमस्थितीचा अहवाल जमिनीवर आज काय आहे, ते सांगतो. त्यात साधारणतः दोन आकडे असतात. एक, गेल्या २४ तासांत पडलेले नवे हिम. दोन, जमिनीवर साचलेल्या हिमाची एकूण खोली. पहिला आकडा दिवसाच्या विक्रीसारखा, दुसरा भांडवलासारखा. भांडवलाशिवाय झालेली मोठी विक्री जशी दुकानाची प्रकृती सांगत नाही, तसे जेमतेम खोलीवर पडलेले ३० सेंटिमीटर नवे हिम फसवे असते. खालचे दगड आणि झुडपे त्याखाली झाकली जातात, नाहीशी होत नाहीत. हे आकडे कोठे मोजले, गावात की वरच्या स्थानकावर, आणि किती वाजता मोजले, हेही पाहावे. सकाळी सहाचा आकडा दुपारी दोनला जुना झालेला असतो.

परंतु ताळेबंदातील सर्वांत महत्त्वाची बाब या दोन्ही आकड्यांत दिसत नाही. ती म्हणजे थरांची जोडणी. डोंगरावरचे हिम हा एकसंध ढीग नसतो. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर, असे थरावर थर चढलेले असतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडे हिम पडावे आणि मग अनेक दिवस कोरडी, निरभ्र थंडी राहावी, असे घडले की त्या पातळ थरातील कणांचे रूप पालटते. ते साखरेच्या दाण्यांसारखे सुटे होतात आणि एकमेकांना धरत नाहीत. त्यावर जोरदार हिमवृष्टीचा जड थर येऊन बसला, की सैल पायावर बांधलेल्या इमारतीसारखी स्थिती होते. वारा त्यात भर घालतो. तो पर्वताच्या एका बाजूचे हिम उचलून दुसऱ्या बाजूच्या आडोशात रचतो. आकाशातून ३० सेंटिमीटर पडले असले तरी तेथे मीटरभर थर साचू शकतो. वरून सर्व काही गुळगुळीत, पांढरे आणि सुंदर दिसते. मग एका माणसाचे वजन पडते, खालचा सैल थर मोडतो आणि वरची संपूर्ण लादी सुटते. यालाच हिमस्खलन म्हणतात. स्कीपटूंच्या बहुतेक जीवघेण्या अपघातांत ती लादी त्या माणसानेच किंवा त्याच्या सोबत्याने सोडवलेली असते. अशा लाद्या बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि कसबी स्कीपटूला मोह पडतो तो नेमक्या त्याच उतारांचा.

१ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर झालेल्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू मृत्युमुखी पडले. त्यांच्यासमवेतच्या इतर अनेकांना वाचवण्यात आले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, खाली खेलो इंडिया स्पर्धा चालू असताना, वरच्या उतारांवर हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. त्याआधी, फेब्रुवारी २०१० मध्ये, खिलनमर्ग येथे प्रशिक्षण घेणारे लष्कराचे १७ जवान हिमाखाली गेले होते. हिमाशी दैनंदिन परिचय असणाऱ्यांचीही ही गत झाली. २०२३ आणि २०२४ च्या घटनांपूर्वीच्या दिवसांत जोरदार हिमवृष्टी झालेली होती. मोठ्या हिमवृष्टीनंतरची स्वच्छ सकाळ ही स्कीइंगसाठी सर्वांत मोहक असते आणि हिमस्खलनाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याच्या वेळांपैकी एक असते. मोबाइलवरील सूर्याचे चित्र पहिली गोष्ट सांगते. दुसरीविषयी ते मौन पाळते.

ती दुसरी गोष्ट सांगणारे अहवाल वेगळे असतात. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची डीजीआरई ही संस्था हिमालयातील हिमस्खलनाचे इशारे देते आणि आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणामार्फत ते प्रसृत होतात. अमुक जिल्ह्यात, इतक्या मीटरांहून अधिक उंचीवर, येत्या २४ तासांत अमुक पातळीचा धोका, असे त्यांचे रूप असते. क्षेत्र आणि काल दोन्ही त्यात स्पष्ट सांगितलेले असतात. गुलमर्गमध्ये स्की-गस्तीचे पथकही उतारांची पाहणी करते आणि आखलेल्या हद्दीतील धोकादायक थर स्फोटकांनी आधीच पाडते. धोक्याची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी पाच पातळ्यांची आहे: कमी, मध्यम, लक्षणीय, तीव्र आणि अतितीव्र. पाचांतील तिसरी पातळी म्हणजे मधली, म्हणजे फारशी गंभीर नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः पातळ्यांमधील अंतर समान नाही. प्रत्येक पायरीवर धोका कित्येक पटींनी वाढतो. युरोपातील हिमस्खलनाचे सर्वाधिक बळी तिसऱ्याच पातळीच्या दिवशी जातात. चौथ्या-पाचव्या पातळीला लोक घाबरून घरी बसतात. तिसरीला धोका पुरेसा असतो आणि भीती अपुरी.

गोंडोलाविषयीही एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वाऱ्याचा वेग वाढला किंवा उतारांवर धोका असला की वरचा टप्पा बंद ठेवतात. तो सुरू झाला म्हणजे सारा डोंगर सुरक्षित झाला, असे मुळीच नाही. गोंडोला सुरू होणे याचा अर्थ एवढाच की तारेचा मार्ग चालवण्याजोगा आहे आणि पथकाने आखून दिलेली हद्द तपासलेली आहे. दोरीपलीकडचा उतार कोणीही तपासलेला नसतो. तारण घेतलेल्या एका मालमत्तेची कागदपत्रे स्वच्छ निघाली, म्हणून शेजारच्या भूखंडावर कोणी कर्ज देत नाही.

अंदाज म्हणजे नेमके कोणत्या प्रकारचे विधान, याविषयी एक स्मरणीय दुवा आपल्या देशाच्या इतिहासात आहे. भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस १९२० च्या दशकात काही वर्षे कोलकात्याच्या अलीपूर वेधशाळेत हवामानशास्त्रज्ञ होते. पुढे १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या तात्त्विक पायाविषयी लिहिताना त्यांनी जैनांच्या स्याद्वादाकडे विद्वानांचे लक्ष वेधले आणि सप्तभंगीचा संभाव्यतेच्या आधुनिक विचाराशी असलेला संबंध तपासला. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे, हे अभ्यासक वारंवार सांगतात. 'एका विशिष्ट अपेक्षेने' असा त्याचा अर्थ आहे. 'उद्या हिमवृष्टीची शक्यता ७० टक्के' हे वाक्यही डळमळीत माणसाचे वाक्य नाही. आजच्या माहितीच्या अपेक्षेने, अमुक स्थळासाठी, अमुक मुदतीसाठी केलेले ते काटेकोर विधान आहे. अशा दहा दिवसांपैकी सुमारे सात दिवशी हिम पडेल आणि तीन दिवशी पडणार नाही. आणि पडले नाही तरी विधान खोटे ठरत नाही. वाचणारा माणूस मात्र 'स्यात्' गाळून उरलेले वाक्य वाचतो. एकान्ताचा दोष अंदाजात नसतो. तो वाचणाऱ्याच्या नजरेत असतो.

मग सहकुटुंब जाणाऱ्याने करावे काय? निघण्यापूर्वी तीन दिवस हवामान विभागाच्या श्रीनगर केंद्राचा अंदाज पाहावा आणि त्याचा रंग ध्यानात घ्यावा. हिरवा म्हणजे निश्चिंत, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. केशरी किंवा लाल असेल तर टंगमर्गपासूनच्या चढावर साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना गती देणाऱ्या वाहनांशिवाय जाता येत नाही, हे गृहीत धरावे. तेथे पोहोचल्यावर रोज सकाळी तीन गोष्टी विचाराव्यात: वरच्या स्थानकावरील तापमान व वारा, गेल्या तीन दिवसांत साचलेले हिम आणि हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी. नवशिक्यांनी गावालगतच्या सौम्य उतारांवर, प्रशिक्षकासमवेत राहावे. तेथे आनंदाला काही उणे नाही. ताज्या घसरणीच्या खुणा, पायाखाली हिमाला पडणाऱ्या लांब भेगा, थर खाली बसल्याचा 'धप्प' असा दबका आवाज किंवा दुपारी झपाट्याने वाढणारी ऊब, यांपैकी काहीही आढळले तर मागे फिरावे. कडेच्या उतारांखाली छायाचित्रांसाठी रेंगाळू नये. सपाट जागाही वरच्या उताराच्या वाटेत असू शकते. दोरीपलीकडे जाणाऱ्या अनुभवी मंडळींजवळही संदेश देणारा-घेणारा ट्रान्सीव्हर, फावडे आणि हिमात खुपसण्याची लांब सळई असते, सोबत जाणकार मार्गदर्शक असतो, आणि ही साधने वापरण्याचा सराव केलेला असतो. कारण हिमाखाली गेलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढले तर वाचण्याची आशा चांगली असते. त्यानंतर ती झपाट्याने मावळते. बाहेरून मदत येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. ज्याच्याजवळ साधन नाही आणि सरावही नाही, त्याने दोरी ही लक्ष्मणरेषा मानावी.

आपल्या आगमांत दव, हिम आणि गारा यांची गणना अप्कायिक जीवांत केलेली आहे. ज्यांना हे ठाऊक आहे, त्यांच्या दृष्टीने हिमाच्छादित उतार ही निव्वळ क्रीडाभूमी उरत नाही. श्रावकाचे गृहस्थजीवन संपूर्ण हिंसेपासून मुक्त नसते. पण त्याने प्रमाद टाळावा आणि यतना पाळावी, एवढी अपेक्षा निश्चितच असते. मौजेच्या आहारी जाऊन स्वतःचा जीव संकटात घालणे आणि शोधायला येणाऱ्या पथकातील परक्या मुलांचे जीवही त्यात ओढणे, याला अनर्थदंडाखेरीज दुसरे नाव देता येणार नाही.

आता पुन्हा त्या सकाळीकडे वळावे. नातवाने दिलेली कारणे तीन होती: आभाळ स्वच्छ आहे, उद्या परतायचे आहे आणि एवढा खर्च झाला आहे. आण्णांनी त्याला घेऊन गोंडोलाच्या तिकीटघराजवळील फलक गाठला. फलकावर धोक्याची तिसरी पातळी लिहिलेली होती. तीन दिवसांचे नवे हिम, रात्री वरच्या खांद्यावर जोराचा वारा आणि वाऱ्याच्या आडोशाला असलेल्या उतारांबाबत खास सूचना.

नातू गप्प झाला. मग म्हणाला, "पण आण्णा, चार दिवसांचे पैसे वाया गेले ना."

"गेलेली रक्कम गेली. बुडीत खाते वसूल व्हावे म्हणून त्याच गिऱ्हाइकाला आपण नवीन उधारी देतो का?"

"नाही."

"मग? पुढच्या वर्षी चार दिवस जास्त घेऊन येऊ. खर्च माझा. डोंगर कुठे जात नाही."

सोबतची मुले काय करणार, हे नातवाने विचारले. आण्णा म्हणाले, "हा फलक त्यांना दाखव. ऐकणे त्यांच्या हाती, सांगणे आपल्या हाती." नातू मुलांना शोधायला गेला. तासाभराने चौघेही दोरीच्या आतल्या, तपासलेल्या उतारावर दिसले. सूर्य मावळण्यापूर्वी सारे जण भोजनासाठी एकत्र बसले तेव्हा अफरवटचा माथा सोनेरी झाला होता आणि दोरीपलीकडच्या उतारावर एकही रेघ उमटलेली नव्हती.

त्या दिवशी तो उतार सुटला असता की नसता, हे कोणालाही कधीच कळणार नाही. टाळलेल्या नुकसानीची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. तरीही वर्षअखेरीस ताळेबंद जुळतो, तो बहुतांशी अशाच न झालेल्या नोंदींमुळे. प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने सामानाच्या यादीत 'हा अंदाज कोणत्या अपेक्षेने?' हा एक प्रश्न अवश्य लिहून ठेवावा. त्याला वजन नाही आणि त्याचे भाडेही पडत नाही.

जय जिनेंद्र.